चिगुसाच्या आईचा चेहरा

होरिगोमे-सान इथे जपानात, योनागो शहरात आमच्या शेजारी राहतात, समुद्राकडच्या गल्लीत. हा माणूस काही करत नाही, असंच गल्लीला वाटायचं. ते मात्र दिवसभर अंधाऱ्या खोलीत, खालून दिवा लावलेल्या काचेवर वाळू पसरून ब्रशने चित्र काढत बसलेले. चित्र झालं की फोटो, मग तेच जरासं मोडून पुढचं चित्र, पुन्हा फोटो. असे हजारो फोटो भराभर दाखवले की वाळूतली माणसं चालायला लागतात. काचेवर मात्र मागचं काहीच उरत नाही.

तरुणपणी त्यांच्या एका फिल्मला परदेशात बक्षीस मिळालं होतं. पुढे टोकियोत जाहिरातींसाठी बिस्किटं नाचवली आणि कंटाळून बायकोच्या मुलखात येऊन राहिले. मग आणखी दोन-तीन छोट्या फिल्मा झाल्या, पाहणारे मोजकेच. घर चाललं बायकोच्या, चिगुसाच्या शिवणकामावर.

"अहो, तुमची ती वाळूतली म्हातारी उंबरा ओलांडेपर्यंत माझा मुळा शिजून गार झाला!" चिगुसा दाराबाहेरून ओरडायची.

"मुळा काही पळून जात नाही."

"म्हातारी तरी कुठे जातेय?"

शेवटची फिल्म तिच्या आईची. आई किनाऱ्यावर दोरीवर माकूळ मासळी वाळत घालायची आणि चिगुसा लहान असतानाच गेली. पुढे पुरात घरातले सगळे फोटो वाहून गेले. चिगुसा आठवून सांगायची, होरिगोमे-सान काढायचे: जाड भुवया, बसकं नाक, हसताना तोंडावर जाणारा हात. त्याच सुमारास चिगुसाला काचबिंदू निघाला. नजर हळूहळू जाईल, डॉक्टर म्हणाले, कधी ते सांगता येत नाही.

एकदा मी लोणचं द्यायला गेले, तर ती नवऱ्याच्या मागे लागली होती. "नुसता चेहरा दाखवा ना."

"अर्धवट काम कसं दाखवायचं?"

"मी काय परीक्षक आहे?"

"परीक्षक परवडले. पुरी होऊ दे, पहिली तूच बघ."

आमच्याकडे पाहुण्यापुढे अर्धवट शिजलेलं कुणी ठेवत नाही. त्यांनी बायकोलाच पाहुणी करून टाकलं.

काम संपत आलं आणि भूकंपाचा हलका धक्का बसला. माझ्या फडताळातला कपसुद्धा पडला नाही, पण काचेवरची वाळू सरकली. आई वळून बघते, नेमका तोच प्रसंग चालू होता.

"चित्रातली एवढीशी उडी कुणाला दिसणार आहे?" मी म्हटलं.

"चिगुसाला दिसेल," ते म्हणाले आणि तो प्रसंग त्यांनी पहिल्यापासून काढायला घेतला.

त्यात हिवाळा गेला, उन्हाळाही गेला. चिगुसा आधी सुईत दोरा ओवायला मला हाक मारू लागली. मग चहा कपाबाहेर सांडू लागला. "ह्यांना सांगू नकोस हं," ती म्हणाली. "घाई केली की ह्यांचं बिघडतं." त्यांच्या लक्षात येत होतं की नाही, कोण जाणे. ते बाहेर यायचे तेव्हा उजेडाने त्यांचेच डोळे दिपलेले असायचे.

फिल्म पुरी झाली आणि वस्तीच्या सभागृहात दाखवायची ठरली. चिगुसा ठेवणीतला किमोनो नेसून माझा हात धरून आली, पुढच्या रांगेत बसली. दिवे मालवले. त्यांच्या फिल्मांना आवाज नसतो.

थोड्या वेळाने ती माझ्याकडे झुकली. "सुरू झालं का गं?"

"हो."

पडद्यावर एक बाई माकूळ वाळत घालत होती. वारा सुटला, दोरी हलली. मागे कुणीतरी नाक ओढलं.

"आता वळली," मी तिच्या कानाशी कुजबुजले.

"हो का," चिगुसा म्हणाली.

दिवे लागले, टाळ्या झाल्या. होरिगोमे-सान थेट तिच्यापुढे येऊन गुडघ्यांवर बसले. चेहरा जुळला की नाही, हे सांगू शकणारं जगात एवढं एकच माणूस होतं.

"कशी आलीये आई?"

तिने आवाजाच्या दिशेने मान लववली, जरा बाजूलाच. "छान आलीये हं. फार कष्ट घेतलेत तुम्ही."

परक्या माणसाशी बोलतात तसं. इतक्या वर्षांत त्यांच्या कामात खोड काढल्याशिवाय ती राहिली नव्हती. ते तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी हळूच तिच्या डोळ्यांसमोरून हात फिरवला.

तिची पापणी लवली नाही. हात तिथेच थांबला. मागे लोक खुर्च्या आवरायला लागले होते.