आधी म्हशीची तब्येत

झाशीतल्या मराठी घरांनी माझ्या मावशीला चहाला बोलवायचं जितकं टाळलं, तितकं दुसऱ्या कुणालाच टाळलं नसेल. ती जनावरांची डॉक्टर. म्हशींकडून माणसांत येणारे आजार आणि दूध, हा तिच्या संशोधनाचा विषय. कुणाकडेही गेली की बैठकीत न बसता ती थेट स्वयंपाकघरात शिरायची आणि दुधाला नीट उकळी येते का, ते पाहत उभी राहायची. घरच्या सुनेला वाटायचं, सासूच दुसऱ्या रूपात आली. ओरछा गेटजवळच्या एका लग्नात तिने हलवायाला विचारलं, रबडी ज्या म्हशीच्या दुधाची आहे ती कधी गाभडली होती का, म्हणजे तिचा गर्भ पडला होता का? तो म्हणाला, "डॉक्टरनी जी, हम दूध पहचानते हैं, भैंस नहीं." मग वरात दारात येईपर्यंत मावशी त्याला समजावत राहिली. तिने रबडी खाल्ली नाहीच, मलाही खाऊ दिली नाही. गवळी भेटला की आधी म्हशीची तब्येत, मग रेडकाची, मग बायकोची. लोक हसायचे. ती म्हणायची, "गोठा एकच, हवा एकच. आजार काय दारावरची पाटी वाचून आत येतो?"

दुधाचे नमुने घ्यायला ती चिरगाँवला जायची. तिथे म्हशी पाळणारी रामकली नावाची बाई तिची मैत्रीण झाली होती. एका हिवाळ्यात मावशी बऱ्याच दिवसांनी गेली, तर रामकली खाटेवर. ताप यायचा, जायचा, पुन्हा यायचा. अंग मोडून आलेलं. गावातल्या डॉक्टरचं टायफॉइडचं औषध चालू होतं. मावशीने सवयीने आधी म्हशींची चौकशी केली आणि तिचा चेहराच उतरला. एक म्हैस गाभडली होती. मेलेलं रेडकू रामकलीने उघड्या हातांनी ओढून काढलं होतं, आणि ती स्वतः गरोदर होती.

मावशीने तिला त्याच बसने झाशीला आणलं. दवाखान्यातला तरुण डॉक्टर म्हणाला, "आप तो जानवरों की डॉक्टर हैं न?"

"इसीलिए कह रही हूँ," मावशी म्हणाली. "खून जाँच लीजिए."

तपासणीत म्हशीचाच आजार निघाला. औषधं सुरू झाली, ताप उतरला, रामकली वाचली. पोटातलं बाळ मात्र वाचलं नाही.

पुढे मावशीच्या कामाचं कौतुक झालं, सत्काराची सभा ठरली. सभेच्या दिवशी ती चिरगाँवला निघून गेली. त्यानंतर रविवार आला की तिची बस ठरलेली. एकदा मीही सोबत होतो. दिसेल त्याला व्याख्यान देणारी माझी मावशी रामकलीच्या ओट्यावर गप्प बसली होती. दोघी मटार सोलत होत्या. परतताना बसमध्ये ती खिडकीबाहेर बघत एवढंच म्हणाली, "थोडं आधी जायला हवं होतं रे."

हळूहळू त्या भागात म्हैस गाभडली की बायका तिला हात न लावता मावशीला फोन करू लागल्या. स्वयंपाकघरात शिरणाऱ्या मावशीला हसणारी आमची घरंही निवळली. तिला पुन्हा चहाची बोलावणी येऊ लागली, पण आता तीच फारशी कुठे जात नसे.

यंदा थंडीत हृदयविकाराने मावशी गेली. फोनवर सांगवेना, म्हणून मीच चिरगाँवला गेलो. रामकली अंगणात चारा टाकत होती. मी सांगितलं. तिने हातातला चारा संपेपर्यंत टाकला, पदराला हात पुसले.

"आखिर में उनके पास को हतो?" तिने विचारलं.

मी होतो, असं सांगितलं.

तिने मान हलवली. मग ओट्यावर पोतं अंथरलं, मला बसायला सांगितलं आणि शेजारी बसून राहिली. ऊन उतरत गेलं. झाशीची बस येऊन गेली, तरी आम्ही दोघं उठलो नाही.