शम्माची हाक

शम्मा कड्यावरून पडून गेली तेव्हा तिच्या मुठीत करड्या पानांची डहाळी होती. तिच्या नवऱ्यानं, थानीनं, ती सोडवून घेतली. फेकवेना, म्हणून घराच्या दगडी भिंतीतल्या फटीत खोचली.

बऱ्याच वर्षांनी त्याची भाची वफा आली. हादिबू शहरात ती रोपवाटिका सांभाळते. चहा पिता पिता तिची नजर त्या वाळक्या डहाळीवर गेली आणि हातातला पेला तसाच राहिला.

"मामा, हे कुठलं? हे झुडूप फक्त आपल्या सोकोत्रा बेटावरच होतं. आता ते संपलं, असंच आम्ही धरून चाललोय."

"तुझ्या मामीनं आणलं."

"कुठून?"

"पडली तिथूनच."

वफानं मान खाली घातली. त्या कड्याकडे मामा पुन्हा फिरकला नव्हता. पण सकाळी तोच काठी घेऊन पुढे निघाला.

कपारीत एकच झुडूप उरलं होतं. त्याला हिरवी बोंडं धरली होती. खालची रोपं मात्र पार कुरतडलेली.

"शेळ्या इथवर चढतात?"

"शम्माच्या आहेत. तिच्यासारख्याच हट्टी."

दुष्काळात शम्मा इथून पाला तोडायची आणि हाक घालून शेळ्यांना वर बोलवायची, आल्या की तळहातावरचं मीठ चाटू द्यायची. त्या शेळ्यांची पिल्लंही संध्याकाळ झाली की वर चढत. त्यांना कोण बोलावतं, हे थानीनं कधी कुणाला विचारलं नव्हतं.

दोघांनी दगडांचा बांध रचला. शेळ्यांनी तो सहज ओलांडला.

"विकून टाक ना त्यांना, मामा."

"मामीच्या शेळ्या? तूच सांग तिला."

"मग बी पिकेपर्यंत तरी खाली ठेव. एवढं गेलं की सगळं गेलं."

खाली उतरून थानीनं आपली हाक घातली. शेळ्यांनी नुसते कान हलवले. प्रत्येक बाईची हाक वेगळी असते. ती गेली की तिची हाक घरात कुणी घालायची नाही, अशी त्याच्या घराण्याची रीत. जनावरांनी नवी हाक शिकायची. या शेळ्या शिकल्याच नव्हत्या.

एक शेळी बोंडांपाशी पोचली. थानीनं तोंडाशी हात धरले आणि शम्माची हाक घातली. शेवटी आवाज चिरला, अगदी तिचा चिरायचा तसा.

शेळ्या उतरल्या. थानीजवळ थांबल्या नाहीत. त्याच्या पाठीमागे जाऊन गोल करून उभ्या राहिल्या, माना वर करून, कुणाच्या तरी तळहातावरचं मीठ चाटावं तशा.

बी पिकेपर्यंत आता रोज ही हाक घालावी लागणार होती.

"मामा, चल ना घरी," वफा हळूच म्हणाली.

थानीनं मागे वळून पाहिलं नाही.

"थांब पोरी. त्यांचं होऊ दे."