जारवाल्याचं हसू

दुर्गापुऱ्याच्या आमच्या रेल्वे क्वार्टरमध्ये पाण्याचे जार आणणारा माणूस हसू आलं की तोंडावर गमछा धरायचा. सांगानेरपलीकडच्या त्याच्या गावात विहिरीच्या पाण्यात फ्लोराइड होतं, त्यामुळे लहानपणापासूनच त्याचे दात तपकिरी झाले होते. जारचं एक बाटली पाणी तो रोज घरी न्यायचा, तेही फक्त तान्ह्या मुलीसाठी. स्वतः विहिरीचंच प्यायचा. मी विचारलं तर म्हणाला, "हमारा तो हो गया, भाभीजी. उसके दाँत अभी आने हैं."

आठ वर्षांनी आमची बदली झाली, तेव्हा तो मुलीला घेऊन निरोप द्यायला आला. मी तिला पेरू दिला. तिनं चावा घेतला तेव्हा दात दिसले, पांढरेशुभ्र. मग कशावरून तरी तिला हसू आलं आणि तिनं झटकन ओढणी तोंडावर धरली.