हरलेल्याची भाजी

कुंदाताईंच्या किचनमध्ये मी कामाला लागले, त्या दिवशी त्यांनी माझ्या तळहातावर दोन दाणे ठेवले. एक चवळीचा, एक राजम्याचा. मला वाटलं निवडायला दिले आहेत, म्हणून मी ते उलटेपालटे करून किडके आहेत का ते बघू लागले.

"निवडायचे नाहीत गं, मत द्यायचंय," कुंदाताई म्हणाल्या. "उद्या दुधी की फ्लॉवर? दुधीला चवळी, फ्लॉवरला राजमा. मूठ डब्यात घालायची, एक दाणा आत सोडायचा, दुसरा या पिशवीत टाकायचा. कुणी बघायचं नाही, कुणी विचारायचं नाही."

दूध पावडरचा मोठा पत्र्याचा डबा होता. त्याच्या झाकणाला मूठ जाईल एवढं भोक पाडलं होतं आणि हात कापू नये म्हणून कडेला चिकटपट्टी लावली होती. सगळ्या बायका एकेक करून हात घालून आल्या. मीही घातला. पण आत हात गेल्यावर मला घाम फुटला. माझ्या घरी आजवर मला दुधी की फ्लॉवर असं कुणी विचारलं नव्हतं. मी दोन्ही दाणे मुठीतच ठेवले आणि ॲप्रनच्या खिशात टाकले.

कुंदाताईंनी डबा ताटात उपडा केला आणि दाणे मोजले. मग आमच्याकडे न बघताच म्हणाल्या, "एक मत घाबरलंय आज. हरकत नाही, येईल उद्या."

दुधी जिंकला. मग त्यांनी विचारलं, "फ्लॉवरच्या वतीने कुणीही सांगा गं, गोड काय करू?" किचनचा नियमच होता तो. जिंकणाऱ्याच्या मनासारखं व्हायचं, आणि वर हरलेल्यांनी सांगितलेला एक पदार्थ सगळ्यांनी खायचा. कुंदाताई म्हणायच्या, "जिंकलेल्याला जिंकल्याचं सुख पुरतं. हरलेल्याच्या पोटात काहीतरी गेलं पाहिजे, नाहीतर तो उद्या डब्यात हात घालणार नाही."

शारजाच्या औद्योगिक भागात, गॅरेजांच्या रांगेत आमचं किचन होतं. पुढे चार टेबलांची खानावळ, मागे आम्ही. कुंदाताई मूळच्या साताऱ्याच्या. नवरा इथेच वारला तेव्हा लोक म्हणाले आता परत जा. त्यांनी डबे सुरू केले. बुटक्या, गोल, अंगात गाऊन, वर ॲप्रन, पायांत पुरुषी बूट. चष्मा दोरीने गळ्यात. सकाळी आत आल्या की टाळी वाजवून म्हणायच्या, "यल्ला, चला बायांनो, लोक उपाशी आहेत!" आणि काही ठरलं की, "खलास. आता कुरकुर नाही." त्यांना कुरकुर चालत नसे, पण भांडण चालत असे. "कुरकुर पाठीमागे होते. भांडण समोर होतं, त्यात माणूस दिसतो," असं त्यांचं म्हणणं.

माझे यजमान त्यांच्याच डब्यांची व्हॅन चालवायचे. त्यांच्यामुळे मला हे काम मिळालं. माझं शिक्षण चौथीपर्यंत, त्यात मी बोलायला लाजरी. माझ्या शेजारी उभी राहून भात करणारी सुशीलाअम्मा केरळची. तिला मराठी येत नव्हतं, मला मल्याळम येत नव्हतं, आणि हिंदी दोघींनाही मोडकं. आमचं छान जमलं.

समोरच्या गॅरेजचे मालक दोन इंग्रज, कीथ आणि बॅरी. तरुणपणी एकत्र इथे आले, एकत्र गॅरेज काढलं, पाटीवर दोघांची नावं. रोज कोपऱ्यातल्या टेबलावर समोरासमोर बसून आमचं जेवायचे. कीथ उंच, वाळका आणि सगळं खाणारा. बॅरी लालबुंद, भरभक्कम, आणि कारल्याशिवाय सगळं खाणारा. एकदा चुकून त्याने कारल्याचा घास घेतला होता आणि हात धुवायच्या बेसिनकडे असा पळाला की वाटेतली खुर्ची पडली. त्यानंतर कीथ रोज आत डोकावून विचारायचा, "कुंदा, आज कारेला है क्या?" आणि बॅरी बाहेरून शिव्या द्यायचा. कुंदाताई दोघांना भाऊ म्हणायच्या. कीथभाऊ, बॅरीभाऊ.

मग त्यांच्या देशात ते मतदान आलं. युरोपातल्या देशांचा जो संघ आहे, त्यात राहायचं की बाहेर पडायचं. बॅरीचं म्हणणं बाहेर पडा, कीथचं म्हणणं राहा. आधी हसत वाद घालायचे. मग टेबलावर हात आपटू लागले. मग एक दिवस बॅरी आपलं ताट उचलून दुसऱ्या टेबलावर गेला. त्या दिवसापासून दोघे चार टेबलांच्या दोन टोकांना, एकमेकांकडे पाठ करून. आमचे यजमान बातमी घेऊन आले की गॅरेजही वेगळं होणार. बॅरी शेजारच्या अजमानला गाळा बघून आलाय, ईद झाली की जाणार.

कुंदाताई पोळी शेकत होत्या. ती करपली तरी त्यांना कळलं नाही.

"एवढी वर्षं," त्या म्हणाल्या, "मी या दोघांना एका डिशमधून लोणचं खाताना बघितलंय."

यातली गंमत अशी की दोघांनाही मत नव्हतं. देश सोडून पंधरा वर्षांहून जास्त झाली की त्यांच्याकडे मत देता येत नाही म्हणे. आणि कुंदाताईंची मुलगी मृणाल, सातारच्या आईची, भारताच्या पासपोर्टची, तिकडे नवऱ्याच्या नोकरीमुळे राहत होती, तर तिला मत होतं! तिथे राहणाऱ्या आपल्या लोकांना तो हक्क आहे. हे आधी आम्हाला खरं वाटेना. कुंदाताईंनी सहज बोलता बोलता ते बॅरीला सांगितलं, आणि दुसऱ्या दिवसापासून मजा सुरू झाली.

बॅरीने आमच्या व्हॅनचा एसी न सांगता दुरुस्त करून दिला. ते बघून कीथ किचनसाठी मोठा पंखा घेऊन आला. बॅरीने नळ बदलला. कीथने दाराला तेल घातलं.

"मृणालला मेरा सलाम बोलो," बॅरी म्हणायचा.

"मृणालला बोलो, सोचके," कीथ दुसऱ्या टोकाकडून ओरडायचा.

कुंदाताईंनी फोन लावला. "मृणाल, तुझ्या मताला इथे फार भाव आलाय गं. नळ नवा झाला. अजून थोडं ताणून धर, फ्रिजचं दार पण करून घेते."

पलीकडून मृणाल हसत सुटली. "आई, स्टॉप इट! इट्स सीक्रेट. मी तुला पण सांगणार नाही."

"नकोच सांगू," कुंदाताई म्हणाल्या. फोन ठेवून आमच्याकडे वळल्या, तर चेहरा नुसता फुललेला. "डब्यावर वाढलेली पोर आहे माझी."

तिने कुठल्या बाजूने मत दिलं ते आजही आम्हाला माहीत नाही.

रमजान चालू होता. दिवसभर खानावळीचे पडदे ओढलेले असायचे, लोक डबे घेऊन जायचे. बसून जेवण संध्याकाळच्या अजाननंतर. अशा एका शुक्रवारी संध्याकाळी कुंदाताईंनी दोघांना सांगितलं, "आज तुम्ही बोला. आधी एक, मग दुसरा. मध्ये बोलायचं नाही. मृणाल फोनवर ऐकेल." फोन मिठाच्या बरणीला टेकवून उभा केला. आम्ही सगळ्या हात पुसत बाहेर आलो.

ते इंग्रजीत बोलत आणि कुंदाताई आमच्यासाठी मराठीत आणि हिंदीत सांगत.

बॅरी उभा राहिला. कुंदाताई म्हणाल्या, "बॅरीभाऊ म्हणतात, आपल्या आमटीत मीठ किती हे आपल्या घरात ठरलं पाहिजे. चार गल्ल्या पलीकडे बसलेल्या माणसांनी का ठरवावं? त्यांना काढून टाकायचं म्हटलं तर आपल्याला काढताही येत नाही."

मला ते पटलं.

मग कीथ बोलला. "कीथभाऊ म्हणतात, गल्लीतली सगळी घरं मिळून सामान आणतात तेव्हा परवडतं. आणि पूर्वी याच गल्लीत डोकी फुटायची. आता नुसती मीटिंगमध्ये भांडतात. कंटाळवाणं आहे, पण डोकी शाबूत आहेत."

मला तेही पटलं. मी अगदी घाबरले. दोन्ही कसं पटेल?

सुशीलाअम्माने हात वर केला. "तुम दोनों इतना साल इधर रहता. उधर के लिए इधर इतना झगडा काय को?"

मग बॅरी हळू म्हणाला, "उधर मेरा मां का घर है." आणि कीथ भिंतीकडे बघत म्हणाला, "मेरा भी." एका गावचे होते ते. पण तरीही दोघे उठले आणि आपापल्या टोकाला जाऊन बसले.

आम्हाला वाटलं आता कुंदाताई डबा आणतील आणि युरोपवर मत घेतील. त्यांनी डबा आणलाही. पण म्हणाल्या, "त्यांच्या देशाचं ते बघतील. आपण आपल्या खानावळीचं बघायचं. उद्यापासून या दोघांना एकाच टेबलावर वाढायचं की नाही? वाढायचं तर चवळी. नको तर राजमा."

बॅरी म्हणाला, "और हम को वोट नहीं?"

"नाही," कुंदाताई म्हणाल्या. "तुम्हाला सवय आहे त्याची."

फोनमधून मृणालचं हसणं ऐकू आलं. कीथसुद्धा हसला, मग लगेच गंभीर झाला.

मी डब्यात हात घातला. एवढे दिवस मी कधी दाणा सोडायची, कधी खिशात टाकायची. त्या दिवशी मला माझा दाणा आत पडल्याचा आवाज ऐकू आला. ताटात सगळ्या चवळ्या पडल्या. कुंदाताईंनी दाणे मोजले आणि पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. मग माझ्या पाठीवर पिठाचा हात ठेवला. घरी गेल्यावर यजमान म्हणाले, "पाठीवर पाच बोटं कुणाची?" मी म्हटलं, "मत दिलं आज."

दुसऱ्या दिवसापासून एकच ताटांची जोडी, एकाच टेबलावर. पहिल्या दिवशी दोघे दारात उभेच राहिले. कुंदाताई आतून म्हणाल्या, "बसलात तर जेवण. नाही तर समोर बर्गरवाला आहे." बसले. बॅरीने मध्ये वर्तमानपत्र उभं धरलं. लोणचं हवं असलं की कीथ मला सांगायचा, बॅरीकडून घे म्हणून, आणि लोणचं तर त्या दोघांच्या मधेच असायचं. मी ते उचलून दोन वीत सरकवायची. हसू दाबताना माझ्या पोटात दुखायचं.

मतदान झालं. शुक्रवारी सकाळी निकाल आला, बाहेर पडा म्हणणारे जिंकले. सकाळभर गॅरेजमधून आवाज नाही. संध्याकाळी दोघे आले. बॅरी जिंकला होता, पण आनंदाने कुणाशी बोलावं ते त्याला सुचत नव्हतं, कारण असं काही सांगायला त्याला एकच माणूस होता. कीथचा चेहरा कुणीतरी घरातलं गेल्यासारखा. टेबलावर वर्तमानपत्र नव्हतं, तरी मध्ये भिंत असल्यासारखं वाटत होतं.

कुंदाताई कीथपाशी जाऊन उभ्या राहिल्या. "कीथभाऊ, तुम हार गया. हमारा रूल तुमको मालूम. भाजी सांगा."

कीथने वर बघितलं. बराच वेळ बॅरीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "कारेला."

बॅरीने डोळे मिटले.

मी आत जाऊन कारली चिरली. मीठ लावून पिळणार, तेवढ्यात कुंदाताई आल्या. "पिळू नकोस. गूळही नको. कीथभाऊंनी कडू मागितलंय, कडूच द्यायचं. नाहीतर त्यांचं हरणं फुकट जाईल."

ताट गेलं. आम्ही सगळ्या दारात. बाकीच्या टेबलांवरचे ड्रायव्हर, मेकॅनिक, सगळे हात थांबवून बघत होते. बॅरीने पहिला घास घेतला. तोंड वाकडं झालं, कान लाल झाले. बेसिनकडे नजर गेली. पण तो उठला नाही. दुसरा घास. तिसरा. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो कीथकडे बघत चावत होता. ताट रिकामं झालं. मग त्याने ते माझ्यासमोर धरलं आणि म्हणाला, "और."

आधी कीथच्या खांद्यांना हिसका बसला. मग तो असा हसायला लागला की त्याला श्वास घेता येईना. मी आणलेल्या दुसऱ्या वाढीतली अर्धी भाजी त्याने स्वतःच्या ताटात ओढून घेतली. "खलास, खलास, बॅरी," तो म्हणत होता, आणि दोघे मिळून ती कडू भाजी खात रडत आणि हसत होते. तिकडच्या राजकारणावर त्यानंतरही ते भांडले, रोज भांडले, पण एका टेबलावर. ईद आली आणि गेली. अजमानच्या गाळ्याचं नाव कुणी काढलं नाही. पाटीवर अजून दोघांची नावं आहेत.

कुंदाताई दोन वर्षांपूर्वी गेल्या. म्हणजे मृणालकडे गेल्या. तिला दुसरं बाळ झालं, इकडे यांचे गुडघे बोलू लागले. पण त्यांचं मन ठरेना. "मी नसले तर तुम्ही मीठ विसराल," म्हणायच्या. शेवटी सुशीलाअम्मानेच डबा त्यांच्यासमोर आणून ठेवला. "आप भी हाथ डालो, ताई. रहना तो चवळी. जाना तो राजमा."

आम्ही आधी काहीच बोललो नव्हतो एकमेकींशी. मी हात घातला तेव्हा माझी बोटं चवळीवरून हलत नव्हती. त्या राहिल्या तर मला आईच राहिल्यासारखं होतं. पण मला रोज संध्याकाळी नातवंडांसाठी फोनच्या काचेला गाल लावणाऱ्या कुंदाताई दिसत होत्या. मी राजमा सोडला.

कुंदाताईंनी डबा उपडा केला. ताटभर लाल राजमा, आणि मध्ये एकच पांढरी चवळी.

"अगं बाई!" त्या म्हणाल्या. "म्हणजे मी एकटीच..." आणि पटकन तोंडावर हात ठेवला. इतक्या वर्षांत त्यांचा नियम त्यांनी पहिल्यांदा मोडला होता. सुशीलाअम्मा हसायला लागली, मग सगळ्याच. कुंदाताई चष्मा पुसत बसल्या.

मीच बोलले. एवढ्या लोकांत मी कधी सगळ्यांच्या आधी बोलत नाही. म्हटलं, "कुंदाताई, हरलात तुम्ही. भाजी सांगा."

त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि माझ्याकडे नीट बघितलं.

"कारली कर," म्हणाल्या. "आणि पिळू नकोस."

आम्ही सगळ्या गोल बसून जेवलो. दाराशी कीथ आणि बॅरीही आपापली ताटं घेऊन उभे होते. कुणाच्या डोळ्यांत पाणी कशाने आलं ते कुणी विचारलं नाही, विचारायचं नसतंच. सगळ्यांच्या आधी कुंदाताईंचं ताट रिकामं झालं. त्यांनी ते माझ्यासमोर धरलं, बॅरीकडे बघून डोळा मारला आणि म्हणाल्या, "और."