बेलापूरच्या घरातलं जातं

आधीच सांगून ठेवते, म्हणजे नंतर कुणी मला शहाणपण शिकवायला नको. भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही. तेव्हा नव्हता, आता सत्तरी ओलांडली तरी नाही. अंगात आलेल्या बाईला तोंडावर "पुरे झालं, उठा आता" म्हणणारी मी. तरी ह्या सदरासाठी लिहायला बसले, कारण गेल्या अंकात एका गृहस्थांनी सल्ला दिलाय, की असं काही घडलं तर माणसाने मुकाट्याने घर सोडावं. मुकाट्याने! का म्हणून? आम्ही नाही सोडलं.

स्वातंत्र्याच्या आधीची दोन-तीन वर्षं. आम्ही नगरात माळीवाड्यात भाड्याने राहत होतो. ह्यांना बेलापूर रोड स्टेशनच्या बाजूला एका साखर कारखान्यात कारकुनाची नोकरी लागली आणि घरात महाभारत सुरू झालं... राहायचं कुठे?

कारखान्याची चाळ होती. दारात नळ, रस्ता ओलांडला की ऑफिस. पण शाळा चौथीपर्यंत, आणि आमच्या कुसुमची चौथी झालेली. पुणतांब्याला ह्यांची मावशी होती. गोदावरीकाठी ऐसपैस घर, ह्यांनी आगगाडीने ये-जा करायची. पण तिथे मुलींची वेगळी शाळा नव्हती, आणि मुलग्यांच्या वर्गात आपल्या घरची एकटी पोर बसलेली मावशींना चालणार नव्हती. राहिलं बेलापूर. बाजाराचं मोठं गाव, मुलींची शाळा चांगली सातवीपर्यंत. पण तिथून कारखाना लांब, ह्यांना रोज सायकल हाणावी लागणार, आणि घर काही मिळेना.

"चाळीतच राहू," हे म्हणाले. "पोरीला लिहितावाचता येतंय. अजून काय मामलेदार करायचंय तिला?"

"हो, करायचंय!" मी म्हटलं.

मला स्वतःला दुसरीतून काढलं होतं, धाकट्या भावाला सांभाळायला. तो राग माझ्या पोटात तसाच्या तसा होता. माझ्या पोरीचं मी तसं होऊ देणार नव्हते, मग ह्यांची सायकल गेली खड्ड्यात.

शेवटी शाळेच्या मागच्याच गल्लीत एक घर मिळालं. मालकीण खातूनबी, तिचं बांगड्यांचं दुकान होतं. सच्ची बाई. किल्ली हातात देण्याआधीच म्हणाली, "ताई, खोटं कशापायी बोलू? हितं कोन टिकत न्हाई. सैपाकघरात जुनं जातं हाय, पुरल्यालं. ते आपलंआपन फिरतंय. म्या सोता आयकलंय. तुमाला पटत आसंल तर ऱ्हावा."

सासूबाई शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी तिथल्या तिथे अट घातली. "वेडंवाकडं काही दिसलं, की त्याच दिवशी सामान चाळीत. मग शाळा नाही नि काही नाही."

ह्यांनी लगेच मान डोलावली. सायकल सुटणार होती ना!

"कबूल," मी म्हटलं आणि किल्ली घेतली.

पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. भर दुपार. हे कामावर, कुसुम शाळेत, सासूबाई देवळात पुराणाला. मी पुढच्या खोलीत गहू निवडत होते आणि आतून घरघर सुरू झाली. जाऊन बघते तो काय... खुंटा गोल फिरतोय. जात्यापाशी कुणी नाही. जात्यात दाणा नाही. कोरड्या दगडावर कोरडा दगड.

अंगावर सर्रकन काटा आला. खोटं सांगणार नाही. चौकट धरून उभी राहिले. तेवढ्यात मागच्या शाळेतून मुलींचे पाढे ऐकू आले, सगळ्या एका सुरात. त्यांत आमची कुसुम होती. आणि मला असा संताप आला म्हणून सांगू!

आमच्याकडे पोरीबाळींना लहानपणापासून सांगतात, रिकामं जातं फिरवू नये. घराला दारिद्र्य येतं. आता भूत असो नाहीतर आणखी कोणी, रीत म्हणजे रीत.

"अगं ए!" मी ओरडले. "रिकामं जातं फिरवू नये, एवढंही तुझ्या आईने शिकवलं नाही तुला? दळायचंय ना? मग हे घे, दळ!"

ज्वारीचं सूप आणून जात्याशी आदळलं, पहिला घास जात्याच्या तोंडात टाकला आणि तरातरा पुढच्या खोलीत येऊन बसले. पुन्हा गहू निवडायला घेतले, पण खडे कुठले नि गहू कुठले, कळेना. पण आतला आवाज बदलला. रिकाम्या जात्याचा आणि भरल्या जात्याचा आवाज वेगळा असतो, कुठल्याही बाईला विचारा. बऱ्याच वेळाने सगळं थांबलं. आत गेले तर सूप रिकामं, आणि जात्याभोवती पिठाचं गोल कडं.

टाकून देऊ की काय ते पीठ? लढाईचे दिवस, रेशनची ज्वारी, तेलाअभावी गिरणी महिना-महिना बंद. भाकऱ्या थापल्या. पहिली मी खाल्ली, काही होत नाही असं बघितलं, मग बाकीच्यांना वाढलं.

पुढे ते अंगवळणीच पडलं. दुपारी घरात कुणी नसलं की सूप ठेवायचं आणि स्वयंपाकघराचं दार ओढून घ्यायचं. ह्या कानाचं त्या कानाला कळू दिलं नाही. कळलं असतं तर पोरीची शाळा गेली असती.

एकदा सासूबाई तापाने घरीच होत्या. मी त्यांच्या कपाळावर पट्टी ठेवत होते आणि आत घरघर सुरू झाली. आली का पंचाईत! सासूबाईंनी डोळे उघडले. कान देऊन ऐकलं. मग म्हणाल्या, "जाडं पडतंय गं पीठ. टाकी लावून घे जात्याला, दगड गुळगुळीत झालाय." आणि भिंतीकडे तोंड करून झोपल्या.

कुसुम सातवीत गेली, म्हणजे फायनलची परीक्षा तोंडावर, त्या वर्षी हे चिखलात सायकलवरून पडले. हात गळ्यात. त्यातच कारखान्यात कुणीतरी कान फुंकले. घरी आले ते फणफणतच.

"अख्ख्या गावाला ठाऊक आहे, जातं फिरतं म्हणून! ठरलं होतं काय आपलं? बांध सामान. फायनल-बियनल काही नको."

"तुमच्या डोळ्यांनी बघा," मी म्हटलं. "फिरलं तर बांधते."

सुट्टीच्या दिवशी हे पाट घेऊन जात्यासमोर ठाण मांडून बसले. शेजारी मी ज्वारीचं सूप ठेवलं, नेहमीसारखं. कुसुम पुस्तक उघडून दारात बसली होती, पण पान उलटत नव्हती. मी देवाला हात जोडले नाहीत. ह्यांच्या पाठीमागे उभी राहून जात्याकडे डोळे वटारून बघत राहिले... हलून तर बघ!

नाही हललं. दुपार गेली, दिवेलागण झाली, खुंटा जागचा सरकला नाही.

"मला तर बाई कधी काही ऐकू आलं नाही," सासूबाई ओसरीवरून म्हणाल्या. हातातली माळ ओढणं चालूच होतं. ह्यांनी पाट उचलला, "लोक काय वाटेल ते बोलतात" असं पुटपुटले आणि चाळीचं नाव पुन्हा काढलं नाही. कुसुम पुस्तकात डोकं खुपसून रडत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी डब्यात चिमूटभर पीठ नव्हतं. सूप तसंच भरलेलं. कुसुम शाळेच्या घाईत, भाकरीसाठी खोळंबलेली. मी पाय पसरून जात्याला बसले. ते जातं एकटीने ओढायचं म्हणजे खांदे निखळून यायचे. ज्यांनी दळण केलंय त्यांना ठाऊक आहे, समोर दुसरी बसते आणि खुंट्याला हात लावते तेव्हा काय होतं ते. ओझं निम्मं उतरतं. पहिला फेरा मला जड गेला. दुसऱ्या फेऱ्याला जातं हलकं झालं. माझ्या हाताच्या वर, खुंट्यावर, कुणीतरी ओढत होतं, अगदी माझ्या तालात. समोर मात्र कुणीच नव्हतं.

कोण होती ती? खातूनबीलाही माहीत नव्हतं. कुसुम फायनल पास झाली, पुढे मास्तरीण झाली. आता मलाच सायन्स शिकवते — भास असेल, जमिनीला हादरे बसत असतील, उंदीर असतील. उंदीर ज्वारी दळतात का गं, म्हटलं की विषय बदलते. उगीच काहीतरी रचून मीही सांगणार नाही.

त्या सकाळी मला भीती वाटली नाही, एवढं मात्र खरं. डोळे भरून आले होते. ते पदराने पुसले आणि म्हटलं, "ओढ बाई, जरा लवकर ओढ. पोरीला शाळेला उशीर होतोय."