पूजेत बसवलेली पेटी

दसऱ्यानंतरचा दुसरा दिवस, सकाळची वेळ, लातूरचे पोलीस ठाणे. हजर: प्रभारी अधिकारी म्हणून मी, ठाणे अंमलदार, सायबरचे काम पाहणाऱ्या महिला हवालदार, एमआयडीसीतल्या एका डाळ मिलचे मालक आणि त्यांचे व्यवस्थापक. गैरहजर: जिच्याविरुद्ध तक्रार होती ती.

नोकरीत खून, दरोडे सगळे पाहिले आणि त्यातले बरेचसे विसरलोही. ती सकाळ मात्र विसरलो नाही.

मालकांची तक्रार थोडक्यात अशी होती. मिलचे सगळे संगणक बंद पडले होते. फायलींना कुणीतरी कुलूप घातले होते आणि उघडू गेले की पडद्यावर इंग्रजीत खंडणीची धमकी येत होती. लातूरची मिल, मुरुडचे खरेदी केंद्र आणि नांदेडचे गोदाम एकाच नेटवर्कवर होते, त्यामुळे तिन्हीकडचा कारभार ठप्प झाला होता. हे सगळे नेटवर्क सांभाळणारी एक तिशीतली बाई होती, लोहा तालुक्यातल्या खेड्यातली. सणाची रजा घेऊन ती गावी गेली होती. फायली कुलूपबंद करण्यासाठी आत जो शिरला तो तिच्याच लॉगिनने शिरला होता. ती नोंद मालक छापूनच घेऊन आले होते.

"कम्प्युटरच्या चाव्या तिच्याकडं, अन् बाई नेमकी त्याच दिवशी रजेवर. अजून काय पुरावा पाहिजे साहेब?" मालक म्हणाले. आजच्या आज तिला अटक करा, हा त्यांचा आग्रह होता.

मी माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली गुन्हा नोंदवला, पण अनोळखी इसमाविरुद्ध. मालक नाराज झाले. फिर्यादीत एकदा नाव गेले की ते माणसाला आयुष्यभर चिकटते, आणि संशय पुरवणी जबाबातही घेता येतो, एवढे मी त्यांना सांगितले.

दुपारी ती आली, सोबत वडील. वडील बाकावर बसायलाच तयार होईनात. "पोरगी लई सरळ हाय साहेब," एवढेच ते पुनःपुन्हा म्हणत होते. मी त्यांना चहा दिला आणि बाहेर थांबायला सांगितले. महिला हवालदारांच्या समोर तिची चौकशी सुरू केली.

एरवी चोरीच्या गुन्ह्यात आमचा पहिला प्रश्न असतो, त्या वेळी तू कुठे होतास? इथे तो निरुपयोगी होता. ती गावात होती याला अख्खे गाव साक्षीला होते, पण लॉगिन तर घरात बसूनही करता येते. म्हणून मी प्रश्न बदलला. रजेवर जाताना सगळे कसे होते आणि आता काय वेगळे दिसते, ते सांगायला लावले.

ती न अडखळता बोलली. बाहेरून येणारी इंटरनेटची वायर आधी एका पेटीत जाते. कोणाला आत सोडायचे, कोणाला नाही, हे ती पेटी ठरवते. म्हणजे चौकीदारच. पेटीच्या मागे मुख्य संगणक. तिला स्वतःला घरून काम करायचे असले तरी पेटीच्या परवानगीनेच आत जावे लागे.

मी मालकांनी आणलेला लॉगिनच्या नोंदीचा कागद तिच्यापुढे ठेवला. तिने तो दोनदा वाचला.

"साहेब, हा जो कोणी हाय, तो थेट आत आलाय. मधे पेटी असताना असं होत न्हाई."

"आणि पासवर्ड तुमचाच कसा?"

"पासवर्ड सोपा ठेवला होता. मिलचं नाव अन् पुढं आकडे. ती चूक माझी, लिहून घ्या. पण चोरी माझी न्हाई."

आपली चूक अशी नेमकी मापून सांगणारा माणूस सहसा खोटे बोलत नाही. अर्थात तो पुरावा नव्हे. तिने आणखी एक गोष्ट सांगितली. सगळ्या फायलींची एक प्रत ती दर आठवड्याला काढून नांदेडच्या गोदामात, नेटवर्कपासून वेगळी ठेवत असे. हवालदारांनी नांदेडला फोन लावला. प्रत जागेवर होती, शाबूत होती. तिलाच खंडणी मागायची असती तर ती प्रत तिने शिल्लक का ठेवली असती?

मिलमध्ये जाऊन आम्ही पंचनामा केला. पेटी जागेवर होती, दिवे लुकलुकत होते. व्यवस्थापक आमच्या मागेमागे फिरत होते. पेटी सुरूच होती, असे त्यांनी मी न विचारता दोनदा सांगितले. न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आले की मी तिथेच थांबतो. पेटीच्या कडेला हळदकुंकवाचे बोट उमटलेले होते.

खंडेनवमीला आपल्याकडे अवजारांची पूजा होते. मिलमध्ये वजनकाटा, नटबोल्टचे पाने, पोती शिवायची दाभणे, सगळे पाटावर मांडतात. हवालदारांनी कामगारांना सहज विचारले, पूजेचे फोटो काढले की नाही? फोटो तर सगळ्यांच्याच मोबाईलमध्ये होते. एकात पाटाच्या मधोमध, झेंडूचा हार घालून पेटी बसली होती, आणि तिच्या मागे एकही वायर नव्हती.

व्यवस्थापकांना मी वेगळ्या खोलीत बसवले आणि तो फोटो उघडून मोबाईल पुढे ठेवला. त्यांनी तो पाहिला आणि पालथा घातला.

मालकांच्या वडिलांना मिलमध्ये सगळे आप्पा म्हणतात. मिल राखणाऱ्या पेटीला पूजेचा पहिला मान, आणि पूजेत बसलेले अवजार दसऱ्यापर्यंत हलवायचे नाही, असा आप्पांचा शब्द. पेटी काढल्याने जोडणी तुटली होती, तेवढ्यात नांदेडहून फोन आला, की बिले निघत नाहीत.

"आप्पांनी बसवलेली पेटी मी कशी उचलू साहेब? इंटरनेटवाल्याला फोनवर विचारलं अन् वायर सरळ कम्प्युटरला लावली. म्हटलं, एका दिवसानं काय होतंय."

त्या एका दिवसात बाहेरच्यांनी उघडे दार हुडकले आणि सोपा पासवर्ड जुळवला. संगणक बंद पडल्यावर व्यवस्थापकांनी घाबरून पेटी गुपचूप परत जोडली होती.

"मग सकाळी ठाण्यात का नाही सांगितलंत?"

"मालकांनी तिचं नाव घेतलं. मी गप बसलो."

पेटीतल्या नोंदी नंतर तज्ज्ञांनी तपासल्या. तेवढा काळ कोरा होता. हवालदार मालकांना म्हणाल्या, "चौकीदाराला देव्हाऱ्यात बसवलं, अन् दार उघडं टाकलं." मालकांनी मान खाली घातली. नांदेडच्या प्रतीवरून आठवड्याभरात मिल सुरू झाली. बाहेरचे गुन्हेगार परदेशी पत्त्यांच्या आड राहिले, ते हाती लागले नाहीत. गुन्हा 'अ' समरीत गेला, म्हणजे घटना खरी, आरोपी सापडला नाही. त्या बाईचा गुन्ह्याशी संबंध नाही, हे अहवालात मी माझ्या हाताने लिहिले.

या तपासाने मला एक सवय लावली. कोण आत शिरले, याच्या आधी काल आणि आज यांत काय हलले, ते विचारायचे. कार्यालये चालवणाऱ्यांनाही मी हेच सांगतो. पूजा जरूर करा, पण पेटीची तिच्या जागेवर, वायरीसकट. वायर कोण काढू शकतो, हे आधी ठरवून ठेवा. एक प्रत नेटवर्कच्या बाहेर हवी. आणि चूक सांगणाऱ्याला लगेच घरी पाठवू नका, नाहीतर पुढच्या वेळी कोणीच सांगणार नाही.

व्यवस्थापक अजून त्याच मिलमध्ये आहेत. ती बाई अहवालाची प्रत घ्यायला आली तेव्हा मी विचारले, कामावर परत कधी? तिने मोबाईल दाखवला. तक्रार द्यायला निघण्याआधीच मालकांनी व्यापाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तिचा फोटो आणि नाव टाकले होते, खाली लिहिले होते, हिला कोणी कामावर घेऊ नये. "तुमचा अहवाल कोण वाचणार साहेब?" ती म्हणाली. "हे समद्यांनी वाचलं."

मी त्याच दिवशी मालकांना बोलावून घेतले आणि त्याच ग्रुपवर दुरुस्ती टाकायला सांगितले. टाकतो म्हणाले. निवृत्तीनंतरही दोनदा जाऊन आठवण दिली, दोन्ही वेळा चहा झाला. माझे साडू त्या ग्रुपवर आहेत, त्यांना विचारत असतो. काल पुन्हा विचारले. दुरुस्ती अजून पडलेली नाही. सोमवारी पुन्हा जायचे आहे.