अंबाडीच्या दोरीचा लंब

"वास घेऊन बघा रे, मेंढराचा येतोय का."

असं म्हणत सरांनी माझी भूमितीची वही दोन बोटांत धरून साऱ्या वर्गाला दाखवली. वर्ग हसला. मीही हसले. त्या हसण्याची लाज अजून जात नाही.

मी आठवीत होते. नव्वद साल उलटून दोन-चार वर्षं झाली असतील. गाव बारामती तालुक्यातलं, उसाच्या पट्ट्यातलं. आम्ही मात्र मोरगावकडच्या कोरड्या माळावरून आलेले. आजोबांनी जन्मभर मेंढरं राखली. आबांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, ती विकली आणि इथल्या एका बागायतदाराच्या मळ्यात पाणी धरायला लागले. त्याच बागायतदाराची मुलगी माझ्या वर्गात, पहिल्या बाकावर. तिच्याकडे चकचकीत कंपासपेटी. माझ्याकडे नुसती पट्टी.

कंपास पुढच्या बाजारी आणू, असं आबा म्हणाले होते. लंब काढून न्यायचा होता दुसऱ्या दिवशी. मग मी घोंगडीतून लोकरीचा धागा ओढला, पेन्सिलीला बांधला आणि कंस काढले. लोकर ताणते हे डोक्यातच आलं नाही. मेंढपाळाची नात, आणि एवढंही कळू नये! लंब कलला.

"ही रेघ बघा, दारू पिऊन उभी हाय," सर म्हणाले. मला पहिल्या बाकापुढे उभं केलं. "हात जोड. म्हण, ताईसाहेब, परकार द्या."

ती माझ्याच वयाची. मळ्यात तिला सगळे ताईसाहेब म्हणायचे, आबासुद्धा. पण हा मळा नव्हता. वर्ग होता. तरी मी हात जोडले. म्हटलं. तिनं परकार बाकाखाली टाकला. मी वाकून उचलला.

घरी आले ती आबांवरच तोंड टाकलं. "तुमच्या मेंढरांनी माझी इज्जत घालवली."

आबा शेळ्यांच्या गोठ्यासाठी खुंट्या ठोकत होते. त्यांनी हातोडा खाली ठेवला. वही मागितली. उलटी धरली होती, मी सरळ करून दिली. रेघ कशानं काढली ते विचारलं, मी घोंगडीतला धागा दाखवला.

"लोकरीनं कशाला मापलंस? ती ताणती. वाघर लावताना आमी कवा लोकर घेतली व्हती का? अंबाडीची दोरी घे." वाघर म्हणजे मेंढरांभोवती लावायची जाळी.

मग गोठ्याची आखणी आम्ही दोघांनी केली. एका बाजूची सरळ रेघ आखून तिच्यावर कोपऱ्याच्या खुंटीपासून दोन्ही अंगांना सारखं अंतर घेतलं. त्या दोन्ही ठिकाणी आबांनी दोरीचं टोक दाबून धरलं, मी दुसऱ्या टोकाला खिळा बांधून मातीत कंस ओढले. कंस जिथं एकमेकांना कापत होते, त्या दिशेनं सरळ दोरी ताणली. चारही कोपरे झाल्यावर आबांनी समोरासमोरचे कोपरे तिरके मापून बघितले. एक तिरकी, मग दुसरी.

"दोनी सारख्या भरल्या. गुण्यात हाय." म्हणजे कोपरे काटकोनात.

शाळेची पायरी न चढलेला माझा बाप. त्याच्यावर मी तोंड टाकलं होतं.

दुसऱ्या दिवशी सरांनी फळ्यावर रेघ मारली, मधे एक बिंदू दिला. मला बोलावलं. "लंब काढ. परकार मागून घे. कसा मागायचा ठाऊक हाय ना?"

"नको, सर."

दप्तरातून दोरी काढली. खडू बांधला. पहिला कंस तुटकच आला. तो पुन्हा काढला. दुसरा काढला. पट्टीनं लंब ओढला. सरांनी मोठा लाकडी गुण्या लावून बघितला. चपखल बसला. पहिल्या बाकावरचं हसू थांबलं.

"खोड ते सगळं."

"कंस खोडायचे नसतात, सर. तुमीच सांगितलंय."

छडी बसली. वर्गाबाहेर काढलं. माफी मागेपर्यंत आत यायचं नाही.

ताईसाहेबांच्या तोंडून गोष्ट मळ्यावर पोचायला कितीसा वेळ! आबा दिवस मावळायच्या आतच परत आले.

"मालक म्हनलं, पोरीला माफी मागाया लाव, न्हायतर उद्यापासनं येऊ नगंस." मग खाली बघत म्हणाले, "मागतीस का?"

त्यांना हो हवं होतं. मला ते स्पष्ट दिसत होतं.

"न्हाय, आबा."

त्यांनी मारलं नाही, शाबासकीही दिली नाही. सकाळी भाकरी बांधून घेतली आणि इंदापूरच्या एसटीत बसले, गवंड्याच्या हाताखाली काम बघायला. मळ्यातलं काम गेलं ते गेलंच. त्याचं मला तेव्हाही वाईट वाटलं, आजही वाटतं.

मी रोज वर्गाच्या दारात जाऊन उभी राहायचे. तिथूनच फळा बघून वहीत उतरवायचे. हजेरी घेताना सर विचारायचे, "मागतीस माफी?"

"न्हाय, सर."

आजही कुणी हात जोडून मागायला लावलं, तर माझं उत्तर तेच आहे. त्या उत्तराची किंमत माझ्या बापानं मोजली आहे. ते मी मागे घेणार नाही.